रिकाम्या हातांची मास्तरीण

अमडापूरच्या वामनरावांच्या मुलीचं नाव ठेवताना आत्याने जरा घाईच केली, असं सगळं गाव म्हणायचं. नाव कोकिळा आणि पोरगी इतकी गप्प, की मुकी आहे की काय वाटावं! पण मुकी नव्हती हो. तिचं गणितच निराळं होतं. हाताला काम असलं की तोंड चालायचं, हात रिकामा झाला की तोंडाला कुलूप. शेंगा फोडायला द्या, वाती वळायला द्या, मग ऐका: एकोणतीसचा पाढा, कुणाकडे कोण पाहुणा आला, कुणाची म्हैस कुणाच्या वावरात शिरली, सगळं धडाधडा. टोपलं रिकामं झालं की पोरगीही बंद. "हे पोट्टी बोटानं बोलते," वामनराव हसून म्हणायचे.

वामनरावांचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. बाजाराच्या दिवशी कोकिळा भाजीच्या ढिगामागे बसून विणायची. सुया कसल्या, तर सायकलच्या तारा, दगडावर घासघासून टोक काढलेल्या. लोकर जुन्या कानटोप्यांची, उसवून गुंडाळलेली. "वांगे कसे दिले?" कुणी विचारलं, की एकही टाका न चुकवता भाव सांगायची, वर "आज सकायीच तोडले, हात लावून पाहा" हेही ऐकवायची. एकदा शालूबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, रागाने सुया काढून घेतल्या. झालं! गिऱ्हाईक समोर उभं आणि कोकिळा त्याच्या तोंडाकडे पाहते आहे. वांगी तशीच घरी परत आली. त्या रात्री भरलं वांगं, दुसऱ्या दिवशी भरीत, तिसऱ्या दिवशी पुन्हा वांगं. शालूबाईंनी मुकाट्याने सुया परत दिल्या.

आणि अशा या पोरीला काय व्हायचं होतं, तर मास्तरीण! चौथीपासून एकच धोसा, "मले बाई व्हायचं हाय." लोक पोट धरून हसले. पण कोकिळा मॅट्रिक झाली, चांगल्या मार्कांनी झाली, आणि बुलढाण्याला मुलींच्या ट्रेनिंगला तिचा नंबरही लागला. महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षं झाली होती. गावोगाव शाळा निघत होत्या आणि शाळांना बाया हव्या होत्या. वामनरावांनी होकार दिला, पण अटीवर. "दोन वर्षं म्हंजे दोनच वर्षं," ते म्हणाले. "तिसरं मी देत नाही. नापास झाली का गुपचूप मळ्यात याचं." कोकिळा तेव्हा लसूण सोलत होती म्हणून तिला "हाव" म्हणता आलं.

बुलढाण्याच्या वसतिगृहात आणि ट्रेनिंगच्या वर्गातही सत्यभामाबाईंचं राज्य. पांढरं पातळ, काळी चप्पल आणि नाकावर राग. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "अभ्यासाच्या वेळेत विद्यार्थिनीच्या हातात पुस्तकच दिसलं पाहिजे. सुई-दोरा रविवारी." कोकिळेची पंचाईत झाली. पुस्तक हातात धरलं की तिला अक्षरं दिसायची, पण आत काही जायचं नाही. आत जायला बोटं चालायला हवीत ना!

वाट निघाली ती तिच्या खोलीतल्या बेबीमुळे. ही बेबी मलकापूरची, स्टेशनाजवळ राहणारी, म्हणून तिचा आवाज असा, की आगगाडीवरही ऐकू जावा. पण हात? बटण लावायला बसली तर बटण बोटालाच शिवेल. तिच्या परकराची शिवण उसवली तेव्हा सौदा ठरला.

"मी तुहा परकर शिवतो," कोकिळा म्हणाली, "तू मले बालमानसशास्त्र वाचून दाखव."

"आन् सत्यभामाबाई आल्या तं?"

"तुह्या हातात पुस्तक हायच. मी आपली दारामागं बसतो."

परकर शिवून झाला तोवर दोन धडे झाले. कोकिळेच्या डोक्यात ते असे बसले, की बेबीने एक ओळ गाळली तर ही मान वर करायची. "काऊन गाळलं व? मुलांच्या कुतूहलाचं राह्यलं ना." वाचून वाचून बेबीचंही पाठ झालं.

ही बातमी वसतिगृहात पसरायला कितीसा वेळ लागतो? मुली रांग लावू लागल्या. दरही ठरून गेले: पातळाला फॉल लावायचा तर एक धडा, ब्लाऊज आत घ्यायचा तर दोन, स्वेटरची बाही विणायची तर अख्खा शिक्षणाचा इतिहास. आंघोळीच्या रांगेत, जेवणाच्या पंगतीआधी, मेथी निवडायच्या पाळीला, जिथे दहा मिनिटं मिळतील तिथे एक मुलगी वाचते आहे आणि कोकिळेची सुई चालली आहे. बुलढाण्याच्या थंडीत त्या वर्षी तिच्या पाच नंबरच्या खोलीतली एकही मुलगी कानटोपीवाचून राहिली नाही. पहिल्या वर्षाच्या लेखी परीक्षेत कोकिळा दुसरी आली. एकही पुस्तक स्वतः न उघडता! सत्यभामाबाईंनी निकाल दोनदा तपासला म्हणतात.

पण ट्रेनिंग म्हणजे नुसती लेखी परीक्षा नव्हे. तिथे सरावाचे पाठ असतात. खऱ्या शाळेत, खऱ्या पोरांसमोर उभं राहून शिकवायचं, आणि मागे बसून कुणीतरी चुका टिपणार. इथे कोकिळेचं घोडं पेंड खायचं. हात रिकामे, समोर चाळीस पोरी, आणि हिची दातखीळ बसलेली. खडू धरून पाहिला, पण खडूने काही विणता येत नाही. तिच्या टाचणवहीत शेरे साठत गेले. शेवटचा सत्यभामाबाईंचा होता: "आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोहोचत नाही."

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी अंतिम पाठ आला. बाहेरून परीक्षक येणार. या पाठात जी नापास, ती ट्रेनिंगात नापास, मग लेखीला पहिली का येईना. सत्यभामाबाईंनी कोकिळेला खोलीत बोलावलं. त्या रागीट होत्या, पण दुष्ट नव्हत्या.

"तुझ्याइतकं शिक्षणशास्त्र माझ्याही लक्षात नाही," त्या म्हणाल्या. "पण वर्गात बाई विणत बसली तर मुलं काय शिकतील? उद्या कामाची पिशवी माझ्याकडे जमा करायची आणि मोकळ्या हातांनी वर्गात जायचं."

कोकिळेने मान हलवली. बोलता आलं नाही, कारण हात रिकामे होते. खोलीवर येऊन ती ढसाढसा रडली. रडता रडता बेबीच्या चोळीचे काजे करत होती म्हणून तिला सांगताही आलं, "मळ्यात जायाले मी भीत नाही व बेबी. वांगे तं मी झोपेतबी तोडीन. पण मले बाई व्हायचं होतं."

सकाळी पिशवी जमा झाली. शाळेतली तिसरीची मुलींची वर्गखोली. मागच्या बाकावर सत्यभामाबाई आणि त्यांच्या शेजारी परीक्षक नारायणराव. अमरावतीहून आलेले, काळा कोट, मांडीवर कोकिळेची टाचणवही. पाठाचा विषय होता कापसापासून कापड. कोकिळेने फळ्यावर विषय लिहिला, वळली, आणि झालं. जीभ टाळूला चिकटली. एक मिनिट गेलं. नारायणरावांनी घड्याळ पाहिलं. मुली एकमेकींना कोपरखळ्या मारायला लागल्या.

पहिल्या बाकावर वच्छला नावाची चिमुरडी बसली होती. तिच्या झग्याची बाही खांद्यापासून उसवून लोंबत होती आणि ती दुसऱ्या हाताने तिला गच्च धरून बसली होती. कोकिळेला ती बाही दिसली मात्र, मग तिला परीक्षक दिसेनात की सत्यभामाबाई दिसेनात. हात आपसूक ब्लाऊजच्या काठाकडे गेला. शिवणाऱ्या बाईची एक सुई तिथे दोऱ्यासकट टोचलेली असतेच. पिशवी जमा करताना त्या सुईची कुणाला आठवण होत नाही. कोकिळा बाकापाशी गुडघ्यावर बसली.

आता अंगावरचा कपडा अंगावर शिवायचा नसतो, हे तिसरीतल्या पोरीलाही ठाऊक असतं. शिवलाच, तर जिच्या अंगावर शिवायचं तिने तोंडात दोरा धरायचा आणि गाठ मारेपर्यंत ब्र काढायचा नाही. का, ते विचारायचं नाही. कोकिळेने दोऱ्याचा तुकडा तोडून वच्छलाच्या ओठांत दिला, पहिला टाका घातला, आणि तिच्या स्वतःच्या तोंडाचं कुलूप निखळून पडलं.

"पोरींनो," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "हिच्या तोंडात काय हाय?"

"दोरा!"

"मंग सांगा, हा दोरा आला कुठून?"

"दुकानातून!" एक ओरडली. "शिंप्याकडून!" दुसरी. "बाई, तुमच्या पोलक्यातून!" तिसरी म्हणाली आणि वर्ग खदखदून हसला. वच्छलाला मात्र उत्तर येत होतं. ती बसल्या जागी पाय नाचवत होती, डोळे मोठे करत होती, "उं! उं!" करत होती, पण तोंडात दोरा, बोलणार कशी? तिचा तो जीव टांगणीला लागलेला पाहून सगळा वर्ग बाकांवर उभा राहिला. मागच्या रांगेतल्या पोरी पुढे आल्या. "बाई, लवकर शिवा नं, तिले सांगाचं हाय!"

कोकिळेने गाठ मारली, दोरा दाताने तोडला. "बोल आता."

"कापसातून येते!" वच्छला फुटलीच. "माहे बाबा बंडीत कापूस भरून मलकापूरले नेतात. तिथं जिनात सरकी अन् रुई वेगळी होते. मंग रुईच्या गाठी बांधून रेलगाडीत भरतात. मी सोता पाह्यल्या!"

लगेच दुसरी पोर उठली. "बाई, माहं बी बटन तुटलं." तिच्यामागे तिसरी, फाटका खिसा पुढे करून. कोकिळेने सुई पुन्हा ओवली.

"थांबा," मागून नारायणराव म्हणाले. पोरी पटापट आपापल्या जागी बसल्या. "सुई ठेवून द्या. उरलेला पाठ मोकळ्या हातांनी घ्या."

सत्यभामाबाईंनी डोळे मिटून घेतले. कोकिळेने सुई टेबलावर ठेवली आणि वर्गासमोर उभी राहिली. आता संपलं सगळं, तिला वाटलं. समोर चाळीस पोरी श्वास रोखून बसलेल्या. त्यांना परीक्षेचं काय! त्यांचा जीव अडकला होता मलकापूरच्या फलाटावर, त्या गाठींत.

"मंग पुढं काय होते, बाई?" वच्छलाने विचारलं.

कोकिळेची बोटं उठली. हवेतून तिने चिमूटभर रुई उचलली, अगदी खरी असावी तशी, आणि पिंजायला लागली. "पुढं ना? पुढं ते रुई अशी पिंजतात. धरा सगळ्याजणी. जोरानं नको, तुटीन!" चाळीस पोरींनी रुई धरली. डाव्या हातात पेळू, उजव्या हाताने चरख्याचं चाक फिरवा. सूत निघतंय, बारीक, ए, तुझं तुटलं बघ, जोड परत! मग माग. उभा धागा, आडवा धागा, खटखट धोटा चालला. पोरी बाकांवर पाय आपटून माग चालवत होत्या. खोलीभर कापड झालं. कोकिळेचा आवाज पहिला बाक ओलांडून, सत्यभामाबाईंना ओलांडून, व्हरांड्यात गेला. तिला स्वतःला तो ऐकू आला आणि इतका आनंद झाला, की तिने उगाचच आणखी दोन हात कापड विणून घेतलं. मागच्या बाकावर, मांडीवरच्या पदराआड, सत्यभामाबाईंची बोटंही सूत काढत होती.

घंटा झाली. कुणीच उठेना. नारायणरावांनी टाचणवहीत गुणांच्या चौकटीत आकडा लिहिला आणि वही शेजारी सरकवली. सत्यभामाबाईंनी तो वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. कोकिळेचं तिकडे लक्षच नव्हतं. वच्छला तिच्या पातळाचा काठ धरून उभी होती.

"बाई, उद्या बी येसान ना?"

निकाल अजून जाहीर व्हायचा होता. शहाण्या मुलीने "पाहू" म्हटलं असतं. कोकिळेचे दोन्ही हात बाजूला होते, अगदी रिकामे.

"येतो ना व!" ती म्हणाली. "उद्या बी येतो, परवा बी येतो!" आणि हे तिने इतक्या मोठ्याने सांगितलं, की बाहेर आपल्या पाळीची वाट पाहत बसलेली बेबी दचकून उठून उभी राहिली.