चारशे सायकलचा रकाना

हे मी आजवर कोणालाच बोललो नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? खरंच कळत नाही.

नरडाण्याला ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात मी टेस्टिंग बघायचो. वाइंडिंगला नाना होते, धरणगावचे. उभा जन्म तांब्याची तार गुंडाळण्यात गेलेला माणूस. वेढे मोजत असताना हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत. थर पुरा झाला की मग हसून विचारायचे, "काय भाऊ?" मी त्यांच्या मुलाच्या वयाचा — तरी भाऊच.

जळगावहून एक वेगळी ऑर्डर आली. चारशे सायकलवर चालणारा ट्रान्सफॉर्मर हवा होता. आपल्या घरातली वीज पन्नास सायकलची, म्हणजे सेकंदाला पन्नास हेलकाव्यांची. सायकल वाढल्या की लोखंडाचा गाभा आतल्या आत फार तापतो, म्हणून त्याच्या पट्ट्या पातळ लागतात. हे नानांनी नाही, मी बघायचं होतं. पातळ पट्ट्या यायला उशीर होत होता. मी नेहमीच्याच जाड पट्ट्या भरायला लावल्या. चालून जाईल, म्हटलं.

मग टेस्टिंग. चारशे सायकलचा सप्लाय आमच्याकडे नव्हता, त्यासाठी बाहेरून सेट मागवावा लागणार होता. मी व्होल्टेज कमी करून पन्नासवरच चालवून पाहिला. हाताला गार लागला. अगदी गार. आणि रिपोर्टमधल्या चारशे सायकलच्या रकान्यात — मी मनाचे आकडे भरले. सही केली.

जळगावला तो बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी जळाला. परत आणून उघडला, तर वाइंडिंगचा कोळसा. उष्णता गाभ्याची, पण जळतं तारेवरचं आवरण. बघणाऱ्याला दुसरं काय दिसणार? मालकांनी विचारलं, "वाइंडिंग कोणाचं?"

नाना पुढे झाले. मी तिथेच उभा होतो. तोंड उघडायला असा किती वेळ लागतो?

दुपारी ते माझ्या खोलीत आले. "भाऊ, तू शिकेल-सवरेल माणूस शे. खरं सांग, मन्हा हातनी चूक शे का?"

मी म्हणालो, "नाना, वय झालं ना आता. हात पहिल्यासारखा नाही राहिला."

"बरं," नाना म्हणाले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, नंतरही नाहीत. मालकांनी त्यांना काढलं नव्हतं. मी काढलं.

गावात कोणी विहिरीवरची जळालेली मोटार नव्याने तार भरायला घेऊन आलं तरी ते परत पाठवायचे, असं कानावर यायचं. मी ऐकून घ्यायचो.

मागच्या वर्षी नाना गेले. मी धरणगावला त्यांच्या घरच्यांना भेटायला गेलो — सगळं सांगायचंच, असं ठरवून. नानांच्या पत्नी, काकू, जवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "नाना शेवटलगून तुमनंच नाव काढेत. म्हणेत, भाऊनी खरं सांगं म्हणीसन मी थांबनू, नहीतर मन्हा हातथीन एखादाना जीव जाता."

मी खरं सांगितलं, म्हणून त्यांनी तारेला हात लावणं सोडलं होतं. मी मान हलवली. काकूंनी चहा ठेवला. तो मी सगळा प्यायलो, आणि काही न बोलता निघून आलो.