एका आईच्या दोन पेट्या

मधवाली हट्टी होती, हे तिच्या माश्यांनाही ठाऊक होतं. नवरा गेल्यावर दीर म्हणाला, "बाईमाणसाला झेपायचं नाही, पेट्या विकून टाक." तिनं तोंडावर जाळी न घेताच मधपेटीचं झाकण उघडलं. दीर जो पळाला, तो कुंपणापलीकडे जाऊनच थांबला.

पुढं तिची मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा धाकट्या बहिणीनं आपलं एक दिलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "गोळ्या जन्मभर. चुकवायच्या नाहीत." सुरुवातीला तिनं ऐकलं. मग अंगात बळ आलं आणि बळासोबत जुना हट्टही. "पाठच्या बहिणीचं आहे ते. रक्त रक्ताला परकं म्हणेल होय?" असं म्हणत तिनं गोळ्यांची डबी कोनाड्यात ढकलली.

बघता बघता चेहरा सुजला, लघवी आटली.

दवाखान्यात धाकटी उशाशी बसली. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली. "रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी पहारा देतात. काही टी पेशी परकं ओळखून हाकाटी करतात, काही जाऊन थेट मारतात. बी पेशींपासून प्रतिपिंडं तयार होतात, ती परक्याला चिकटतात. त्यांना नातं कळत नाही, खूण कळते. गोळ्यांनी त्या गुंगीत होत्या."

मधवालीच्या डोळ्यांपुढे पेटीच्या दारातल्या पहारेकरी माश्या आल्या. एका पेटीच्या दोन पेट्या तीच करायची. काही दिवसांनी इकडची माशी तिकडं शिरली, की पहारेकरणी तिला दारातच ओढून मारायच्या. एका आईच्या लेकी, पण वास बदललेला. धूर दिला तरच जरा शांत.

"मीच धूर बंद केला गं," ती म्हणाली.

"माझी किडनी परकी ठरवलीस, ताई. नीट नांदव तिला, नाहीतर परत दे."

"दिलेली वस्तू मागतेस? लाज नाही वाटत?"

धाकटी हसली आणि हसता हसता रडली.

मधवाली डॉक्टरीणबाईंकडे वळली. "बाई, त्या पेशींना कधीतरी सवय होईल ना?"

"त्या भरवशावर राहू नका. काही पेशी वर्षानुवर्षं आठवण धरून बसतात."

"बसू देत. माझा हट्ट त्यांच्याहून जुना आहे."

जड औषधांनी हल्ला ओसरला. मूत्रपिंड दुखावलं, पण टिकलं. घरी येताच तिनं गोळ्यांची डबी धुराच्या भांड्याशेजारी मांडली. सकाळी आधी गोळी, मग धूर.

दीर कुंपणाशी आला. "आता तरी विक त्या पेट्या."

तिनं गोळी जिभेवर ठेवली, वर घोटभर पाणी घेतलं आणि झाकणाला हात घातला.