चौथं दार

राउटरला हात लावायच्या आधी वायरवाले काका बोटाच्या पेरानं त्यावर तीनदा टकटक करायचे आणि विचारायचे, "कोन हाय बे घरी?" हिरवा दिवा लुकलुकला की उत्तरही स्वतःच द्यायचे. "हाव. हायेत सगळे."

असा एक माणूस तुमच्याही गावात असेल. नेट, कॅमेरा, डिश, इन्व्हर्टर, सगळ्याला तोच. अमडापूरला बाजाराच्या तोंडाशी काकांचं दुकान होतं. आम्ही काही कार्यकर्त्यांनी मुलींची अभ्यासिका सुरू केली तेव्हा त्यांनाच बोलावलं. घर, नेटची लाइन आणि कॅमेरे गावातल्या एका बड्या दात्याचे. सगळे त्याला साहेब म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

धड्यांचा कॉम्प्युटर, फाटकाचा कॅमेरा आणि हजेरीचं मशीन, ही तीन यंत्रं बाहेरून फोनवर दिसायला हवी होती. आतल्या खोलीतल्या कॅमेऱ्याचं चित्र मात्र बाहेर जाणार नाही, हे सर्वांसमोर ठरलं होतं.

"ताई, बाहेरून घराचा पत्ता एकच," काका समजावत होते. "आत तिघं राह्यतात. पोस्टमननं कोनाले हाक मारावं? म्हनून हरेकाले दाराचा नंबर."

"मग द्या ना नंबर."

"थांबा ना. लाइट गेली का हा राउटर सगळ्याइले नवे पत्ते वाटते. पह्यले पत्ता पक्का, मंग दार." मध्येच ते हसले. "पाहा, कॅमेरा म्हनते ऐंशी नंबरचं दार माहं, मशीनबी म्हनते माहंच. भाऊ-भाऊ हायेत. वाटनी करून देऊ."

प्रत्येक दाराचा नंबर त्यांनी सुताराच्या पेन्सिलीनं राउटरशेजारी भिंतीवर लिहिला. बाजूला पासवर्डही. मी ओरडले, तर म्हणाले, "भिंत कोनाले सांगते?"

महिनाभरानं उंद्री गावची एक मुलगी यायची बंद झाली. फोन केला तर रडतच बोलली. साहेबांनी तिच्या वडिलांना गाठून सांगितलं होतं, तुमची पोरगी टेबलावर डोकं ठेवून झोपते, ओढणीचंही भान नसतं तिला. वडील म्हणाले, बस झाली शाळा. घरी बसलेल्या साहेबांना ती ओढणी दिसली कशी?

मी भिंतीकडे गेले. तीन ओळींखाली चौथी ओळ होती. त्याच पेन्सिलीनं, त्याच नीटस अक्षरात. '८१०४. आतली खोली. साहेब.' चोरीचं कामसुद्धा या माणसानं इमानदारीनं लिहून ठेवलं होतं.

मी तशीच दुकानात गेले.

"त्याईनं सांगतलं, म्या दार काढलं," काका मान खाली घालून वायर सोलत राहिले. "आत कोन पाह्यते, ते म्या नाही पाहत."

"त्या पोरी आहेत, काका. जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी नाहीत, राखण करायला."

"लाइन त्याईची, कॅमेरा त्याईचा. नाही काऊन म्हनू?"

मला त्यांच्या हातातल्या त्या वायरचीसुद्धा किळस आली. म्हटलं, तुमच्या नावानं पत्रक काढते.

त्यांनी पक्कड खाली ठेवली. "काढा. माहं नाव खाली टाका. वरते त्याईचं टाका."

त्याच संध्याकाळी ते अभ्यासिकेत आले. टकटक केली, पण कोण आहे ते विचारलं नाही. चौथं दार मिटवलं, आतला कॅमेरा उतरवला, पासवर्ड बदलला. नवा माझ्या कानात सांगितला आणि म्हणाले, "हा भिंतीले सांगू नका."

पत्रक मी काढलं. गावभर वाटलं. त्यात काकांचं नाव होतं, दुकानासकट. साहेबांच्या नावाच्या जागी 'काही प्रतिष्ठित' असं छापलं. घर त्यांचं होतं ना. मुली जातील कुठे, असं मी स्वतःला सांगितलं. चार वर्षं मी पत्रकं लिहिते. इतका घाणेरडा शब्द मी दुसरा छापलेला नाही.

आठवडाभरानं उंद्रीची मुलगी परत येऊन जागेवर बसली. मी विचारलं, वडील कसे तयार झाले?

"ते वायरवाले काका आले होते घरी. तुमचं पत्रक निघालं त्याच्या आदल्या दिवशी. बाबांच्या पुढं हात जोडले. म्हणाले, पोरगी अभ्यासानं थकून झोपली, चोर म्या हाय. बाबा लय बोलले त्यांना. ते ऐकत बसले."

साहेबांचा पुढं सत्कार झाला, मुलींच्या सुरक्षिततेसाठी. शाल त्यांनी घेतली. काकांना मात्र कोणी काम देईना. गावात सगळे म्हणत, तो पोरींचे फोटो काढणारा. हे माझ्या पत्रकात नव्हतं, पण पत्रकातूनच निघालं. दुकानाला कुलूप लागलं. खामगावला एका तेलगिरणीत लाइटचं काम बघतात म्हणे. दोनदा फोन लावला, उचलला नाही.

भिंतीला रंग द्यायचं निघालं तेव्हा राउटरशेजारची हातभर जागा मी सोडायला लावली. तिथं तीन ओळी आहेत. चौथी खोडलेली आहे आणि तिच्यापुढं त्याच नीटस अक्षरात लिहिलं आहे, 'बंद. कोनी बी म्हनलं तरी.'

लाइट जाऊन आली की मीच राउटरवर तीनदा टकटक करते. दिवा लुकलुकतो. पुढचा प्रश्न मात्र माझ्या तोंडून निघत नाही.