गप्प ठेवलेला पोर्ट

पाणीपुरवठा खात्यात सगळे तिला ताई म्हणत, अगदी तिच्याहून मोठेसुद्धा. पंपघरं, टाक्या आणि मुख्य कार्यालय यांना जोडणारं संगणकांचं जाळं ती सांभाळायची. हे काम तिला मास्तरांनी शिकवलं होतं. मास्तर शिक्षक नव्हते, इंजिनियरच होते; पण काहीही विचारलं की आधी कागद ओढून चित्र काढायचे, म्हणून हे नाव पडलं. "राउटर हा गप्पिष्ट प्राणी आहे," ते सांगायचे. "माझ्याकडून कुठे कुठे जाता येतं, हे तो शेजारच्या राउटरला सारखं सांगत असतो. त्यावरून सगळे आपापल्या वाटा ठरवतात."

मास्तरांनी उभारलेल्या जाळ्यात प्रत्येक राउटर आपल्या प्रत्येक पोर्टातून, म्हणजे तार जोडायच्या प्रत्येक खाचेतून, बोलायचा. कार्यालयातल्या टेबलांकडे जाणाऱ्या पोर्टांतूनसुद्धा. एकदा एका कंत्राटदाराने बैठकीच्या खोलीत स्वतःचा राउटर जोडला. त्या राउटरने भलत्याच वाटा सांगितल्या, खात्याच्या राउटरांनी त्या भाबडेपणाने खऱ्या मानल्या आणि बिलांचं काम दुपारभर ठप्प झालं.

साहेबांनी बैठक बोलावली. ताई म्हणाली, "सगळे पोर्ट गप्प ठेवायचे, म्हणजे वाटांच्या गप्पा बंद, बाकी काम चालू; आणि जिथे खरोखर दुसरा राउटर आहे तेवढेच बोलते करायचे. खरं तर हे पहिल्यापासूनच असायला हवं होतं."

शेवटचं वाक्य तिने गिळायला हवं होतं. मास्तर मान खाली घालून पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मास्तर, तुम्हाला उद्देशून नव्हतं हो."

"मग कुणाला? जाळं मीच उभारलंय," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले. त्यानंतर त्यांनी बोलणं टाकलं. समोरासमोरची दोन टेबलं, पण चहाही वेगवेगळ्या वेळी. ताईलाही राग होताच. माझं चुकलं काय, बरोबरच तर बोलले, असं ती घरी नवऱ्याला तावातावाने सांगायची.

नवा नियम तिने एकटीनेच बसवला. कुठला राउटर कुणाशी बोलतोय ते पडद्यावर पाहिलं, तेवढे पोर्ट चालू ठेवले, बाकीचे गप्प केले. टेकडीवरच्या पंपघराला जमिनीखालून केबल होती. शिवाय मास्तरांनी स्वतः तिथल्या मनोऱ्यावर चढून बसवलेली बिनतारी जोडणीची एक डिशही होती. केबल तुटलीच तर उपयोगी पडावी म्हणून. त्या आठवड्यात मनोऱ्याची रंगरंगोटी चालू असल्यामुळे डिश बंद होती. ती पडद्यावर दिसलीच नाही आणि तिचा पोर्ट गप्पच राहिला. रंगकाम संपल्यावर डिश पुन्हा सुरू झाली, पण सगळी माहिती केबलवरून नीट चालली होती, तेव्हा कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. समोरच्या टेबलाला नुसतं विचारलं असतं, "मास्तर, काही राहिलं नाही ना?" तरी भागलं असतं.

पुढे रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली. टेकडीवरच्या टाकीची पातळी कंट्रोल रूममध्ये दिसेना, पंप इथून बंद होईना. मास्तर तेव्हा टेकडीजवळच कामाला गेले होते. पर्यायी वाट का चालत नाही, हे त्यांनी ताईला विचारलं नाही. रंगाऱ्यांच्या धक्क्याने आपलीच डिश हलली असणार, असं धरून ते त्या वयात मनोऱ्यावर चढले. उतरताना पाय सटकला.

पंपचालकाचा फोन आला: "मास्तर पडले. उठता येत नाहीये."  ताईने राउटरच्या सूचना पडद्यावर उघडल्या आणि तेव्हा डिशचा तो गप्प पोर्ट दिसला. एका ओळीची सूचना बदलायचं काम. क्षणभरात टाकीची पातळी पडद्यावर आली. तिकडे मास्तरांना अँब्युलन्समध्ये चढवत होते.

साहेब म्हणाले, "केबल तुटली म्हणून झालं. तू कशाला अंगावर घेतेस?" तरी ती दवाखान्यात गेली. मास्तरांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांची बायको, काकू, उशाशी बसल्या होत्या. ताईने त्यांच्यादेखतच सगळं सांगितलं.

मास्तरांनी पहिला प्रश्न केला, "म्हणजे डिश हलली नव्हती?"

"नाही. तुम्ही बसवली तशीच आहे."

"वाटलंच मला," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा सैल पडला. मग म्हणाले, "नियम तुझाच बरोबर होता गं. मी आळस केला होता. पण एकदा विचारायचंस ना मला."

"तुम्ही बोलत नव्हता."

"मी नव्हतो बोलत. पण तू तर विचारू शकली असतीस."

काकू पाणी आणायला उठल्या.

मास्तर पुन्हा कामावर आले नाहीत. घरातल्या घरात वॉकर धरून चालतात. त्यांची जागा ताईला मिळाली. अभिनंदन करायला आलेल्यांपुढे तिला धड हसताही आलं नाही. ती अधूनमधून त्यांच्याकडे जाते. ते ऑफिसातल्या लोकांची चौकशी करतात, थट्टाही करतात. एकदा नव्या पंपघराचं जाळं कसं जोडावं, हे विचारायला तिने मुद्दाम कागद आणि पेन पुढे सरकवलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही.

"आता मला त्यातलं आठवत नाही," ते म्हणाले. त्यांना सगळं आठवतं, हे तिघांनाही माहीत होतं. काकूंनी चहाचे कप उचलले आणि ताईने कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.