सासरा, शेणकिडा आणि गेंडा

कलिपाच्या सासऱ्याचं नाव या गोष्टीत कुठेही येणार नाही, वाचणाऱ्याने उगाच वाट पाहू नये. मीही त्याच भावकीतली सून आहे, आणि आमच्याकडे सुना सासरच्या थोरांचं नाव तोंडातून काढत नाहीत. कागदावर काढलं तर चालतं असं माझी मुलगी म्हणते. ती बिश्केकला शिकते, तिला सगळंच चालतं. एवढंच सांगते, की त्या नावात सरपण फोडायचं एक हत्यार आहे, म्हणून आम्ही दोघी त्या हत्याराला 'फोडकं' म्हणतो. पण घाईत कलिपाला तेही सुचत नाही. एकदा शेजाऱ्याच्या पायावर ते हत्यार पडलं, तर ही दवाखान्यात धावत जाऊन म्हणाली, "याच्या पायावर आमचे थोरले पडले!" त्यांनी म्हाताऱ्यासाठीही एक खाट तयार ठेवली.

अशा बाईच्या हाती आमच्या तालुक्याचं संग्रहालय होतं. म्हणजे दोन खोल्या, एक भुसा भरलेला लांडगा, गवतांचे नमुने आणि किड्यांची खोकी. ती सगळं सांभाळायची, मी तिकिटं फाडायची. कामाला ती वाघीण. लॅटिन नावं अशी घडाघड म्हणायची की ऐकणाऱ्याला वाटावं, दुवा मागतेय.

तिचा सासरा तरुणपणी मोहिमांचा वाटाड्या होता. बाहेरून कुणी शास्त्रज्ञ आला की याचेच घोडे, याचाच तंबू, याच्याच घरचं कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध. पहिला आला तो गवतवाला. जाताना त्याने एका गवताला म्हाताऱ्याचं नाव दिलं. सन्मानच तो, पण आमचे ममिरकान व्याही ऐकून सोडतील तर शपथ! भर बाजारात ते ओरडायचे, "व्याही, काल माझ्या गाढवाने तुम्हाला खाल्लं हो! पोटभर खाल्लं!"

मग एक किडेवाला आला. त्याने एका शेणकिड्याला तेच नाव दिलं आणि टाचणीला टोचलेला एक नमुना आमच्या खोक्यात ठेवून गेला. हे फक्त कलिपाला आणि मला माहीत. म्हाताऱ्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? गवतापायीच त्याने बाजारात जाणं कमी केलं होतं.

पण नशीब फिरलं. म्हाताऱ्याचा घोडा घळीत ठेचकाळला आणि खालून हा मोठा जबडा निघाला. बिश्केकहून विताली सेर्गेयेविच आले. हाडं शोधायचा त्यांचा धंदा, माणूस सज्जन, पण आमच्या रीतीभाती त्यांना कुठून माहीत असणार? त्यांनी सांगितलं, हा बिनशिंगाचा गेंडा, कधीच नामशेष झालेला, उंचीला घराएवढा, आणि याला नाव तुमचंच देणार. म्हातारा त्या रात्री झोपला नाही. सकाळी उठून त्याने दाढी कातरली.

नाव छापायला द्यायच्या आधी विताली सेर्गेयेविचांचा संग्रहालयात फोन आला. "कलिपा, तुमच्याकडच्या किड्यांची नावं जरा वाचून दाखवा. हे नाव आधी कुठे पडलेलं नसावं, म्हणून विचारतो."

कलिपा वाचू लागली. वाचता वाचता शेणकिड्यापाशी आली आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं, कारण मीही सूनच. मग ती फोनमध्ये अदबीने म्हणाली, "आणि हे आमचे थोरले."

"अरे वा, आलेत का? माझा सलाम सांगा त्यांना!"

"सांगते," म्हणाली आणि पुढचं नाव वाचलं. आपण सांगितलं, त्यांनी ऐकलं, त्यांची काही हरकत नाही, अशी तिची पक्की समजूत झाली. सलामही तिने घरी नीट पोचवला.

नाव छापून आलं. म्हाताऱ्याने जेवण घातलं, अख्खा घोडा कापला, तीन खोऱ्यांतली माणसं बोलावली. ममिरकान व्याह्यांना तर दोनदा. सगळ्यांदेखत त्यांना एकदाच गप्प करायचं, एवढी एकच इच्छा उरली होती त्याची. माणसं तंबूत बसली, मांस आलं, आणि दारात विताली सेर्गेयेविच उभे राहिले. चेहरा पडलेला.

"काय झालं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नाव काढून घ्यावं लागतंय. परदेशातल्या एका किडेवाल्याने कळवलं, तेच नाव एका किड्याला आधीच आहे."

"गवतालाही आहे की!"

"वनस्पतींचं घर वेगळं, प्राण्यांचं वेगळं. गवताचं आणि गेंड्याचं नाव एकच असलं तर कुणी विचारत नाही. पण किडाही प्राणी, गेंडाही प्राणी. एका घरात तेच नाव दोघांना चालत नाही. आधी आला त्याचं राहतं."

"कसला किडा?"

विताली सेर्गेयेविचांनी जमिनीकडे बघत सांगितलं, कसला ते.

मग ममिरकान व्याही मांडीवर थाप मारून उठलेच. "म्हणजे माझं गाढव पुढून तुम्हाला खातं, आणि मागून जे पडतं तेही तुम्हीच ढकलत नेता!"

लोक हसले. मीही हसले, काय करू? म्हातारा मात्र पांढराफटक पडला. त्याची नजर फिरत फिरत दाराजवळ चहाच्या समोवारपाशी बसलेल्या सुनेवर आली.

"पोरी, तुझ्या खोक्यात होता हा किडा?"

"होता, अता." सासऱ्याला आमच्याकडे अता म्हणतात.

"मग यांना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की! आमचे थोरले आहेत म्हणून सांगितलं."

"देवा!" विताली सेर्गेयेविचांनी कपाळाला हात लावला. "आणि मी सलाम पाठवला!"

"नाव घ्यायचं ना स्पष्ट!" म्हातारा कडाडला.

"कसं घेऊ, अता?" कलिपा रडायलाच लागली. "तुमचं नाव कसं घेऊ?"

मान राखला म्हणून म्हातारा सुनेवर आणखी ओरडला असता, तर उद्या घराघरातल्या सुनांनी सासऱ्यांना नावाने हाका मारल्या असत्या, आणि तंबूतले सगळे म्हातारे ते ओळखून होते. कुणीतरी खाकरलं. ममिरकान व्याहीसुद्धा खाली बसले. त्यांच्या घरीही सुना होत्या.

म्हाताऱ्याने दाढी चाचपली. मग विचारलं, "गेंड्याला दुसरं नाव देता येतं?"

"द्यावंच लागेल. तुम्ही म्हणाल ते."

"कलिपा द्या."

एवढ्या वर्षांत त्याने तिला 'पोरी' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. त्याला कुणाची बंदी नव्हती, गरजच कधी पडली नव्हती. कलिपानेही आधी मागे वळून बघितलं, दुसरी कुठली कलिपा आली की काय.

"तुलाच म्हणतोय. इकडे ये, कलिपा, वर बस."

वर म्हणजे दारासमोरची मानाची जागा. तिथे सून बसलेली मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

"अता, चहा कोण ओतणार मग?"

"मी ओततो."

म्हातारा खरोखरच समोवारपाशी जाऊन बसला. जन्मात कधी चहा ओतला असेल तर ना! आमच्याकडे वाडगा अर्धाच भरतात, म्हणजे पाहुण्याला पुन्हापुन्हा मागता येतो. काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ होतो, प्या आणि उठा. म्हाताऱ्याने वाडगा काठोकाठ भरला, वर थोडा सांडला, आणि दोन्ही हातांनी सुनेपुढे धरला. हसायचं कुणाला सुचलं नाही. कलिपाने तो घेतला, सगळा प्यायली, आणि उठली नाही.