बायकोच्या नावाचा तांबेरा

तांबेरासाहेबांनी लग्नानंतर बायकोला ना अंगठी दिली, ना घड्याळ. दिली ती एक बुरशी. तांबेरा म्हणजे पानांवर गंजासारखी चढणारी बुरशी, तिच्यापायी पिकांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत उभा जन्म घालवणारा आणि त्यावरूनच हे नाव पडलेला माणूस, दुसरं काय देणार म्हणा! एका काटेरी झुडपाच्या पानाखाली त्यांना इवल्या इवल्या नारिंगी वाट्यांचा तांबेरा सापडला. तोवर कुणीच नोंदवलेला नव्हता. साहेबांनी बायकोच्या नावाला लॅटिन शेपूट जोडून ते त्याला दिलं, आणि छापून आलेला लेख तिच्यापुढे अशा ऐटीत ठेवला की जणू राजवाडाच लिहून दिलाय.

"रोगाला माझं नाव?" बाई म्हणाल्या आणि अबोला धरला. त्यांच्या भावाचं तर फावलंच. "ताई, तुझ्यावर कुठलं औषध फवारायचं गं?" असं तो दर भेटीत विचारी. पण हळूहळू बाईंना ते आवडायला लागलं. त्या दातांच्या डॉक्टर. दवाखान्यात खुर्चीसमोरच्या भिंतीवर त्यांनी त्या वाट्यांचा मोठा फोटो लावला. पेशंट आ वासून बसला, त्याला हूं की चूं करता येईना, की त्या खुशाल सांगत, "हे माझ्या नावाचं आहे बरं का."

पुढे निवृत्ती जवळ आली आणि साहेबांना स्वस्थ बसवेना. नदीकाठच्या गवतावर एक काळपट तांबेरा येई. त्याला त्यांच्या गुरूंनी फार पूर्वीच नाव देऊन ठेवलेलं. आता या तांबेऱ्यांची तऱ्हाच निराळी. काही जण अर्धं आयुष्य एका झाडावर काढतात, उरलेलं भलत्याच झाडावर, आणि दोन्हीकडचं रूप असं वेगळं की जन्मदात्यानेही ओळखू नये. या काळ्याचं दुसरं झाड कोणतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेबांनी गवतावरचे, हिवाळा काढलेले काळे बीजाणू घेतले आणि काचेखाली त्या काटेरी झुडपाच्या कोवळ्या रोपावर रुजवले. पानांवर ठिपके उठले, ठिपक्यांवर गोड रसाचे थेंब आले. एका ठिपक्याचा रस दुसऱ्याला लागल्याशिवाय यांचं जुळत नाही. बाहेर हे काम माश्या करतात, इथे साहेबांनी ब्रश घेऊन मध्यस्थी केली. काही दिवसांनी पान उलटून पाहतात, तर खाली वाट्या. नारिंगी, इवल्या. बायकोच्याच.

म्हणजे दोन्ही तांबेरे एकच. आणि नियम असा की एका बुरशीला नाव एकच, आधीचं राहतं, नंतरचं जातं. साहेबांचं धाबं दणाणलं. लेख छापावा तर बायकोचं नाव खोडलं जाणार, आणि खोडणार कोण, तर ज्याने दिलं तोच. गप्प बसावं तर जन्मभराच्या कामाशी बेइमानी. साहेब ताटातला भात नुसता चिवडत बसू लागले.

"दात दुखतोय का?" शेवटी एके दुपारी बाईंनीच विचारलं.

मग साहेबांनी सगळं सांगून टाकलं. "लग्न झुडपावर लागतं त्यांचं, आणि पुढचा संसार गवतावर. आम्हाला वाटलं, दोन निराळे आहेत. आता गवतावरचं नाव राहणार. झुडपावरचं जाणार. तुझं. मला फार वाईट वाटतंय गं."

बाई हसल्या. "म्हणजे सासरचं राहणार आणि माहेरचं जाणार. त्यात नवीन ते काय? माझं आडनाव गेलं, त्या दिवशी लग्नाच्या पंगतीत तुम्ही दोनदा वाढून घेतलं होतंत. मी शेजारीच बसले होते."

साहेबांनी बुरश्यांची शेकडो नावं तपासली होती. कुणी दिलं, का दिलं, कशामुळे गेलं, सगळं तोंडपाठ. घरातलं हे एक नाव गेलं तेव्हा तिला काय वाटलं, हे विचारायचं मात्र इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

"तुला तेव्हा वाईट वाटलं होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो. पुष्कळ." बाईंनी त्यांच्या ताटात भाजी वाढली. "विचारलंत, बरं केलंत. जरा उशीर झाला, एवढंच. लेख पाठवून द्या तुमचा."