बसायची नोकरी

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या दाजींना, गाडी न चालवण्याचा पगार मिळायचा. थट्टा नाही. एका कंपनीची आपोआप चालणारी मोटार चाचणीसाठी शहरात फिरायची, आणि सरकारचा नियम असा, की चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस बसलेला हवाच. धोका दिसला तर ब्रेक दाबायचा, एरवी हात मांडीवर. जन्मभर टॅक्सी चालवून कंबर कामातून गेलेल्या माणसाला या वयात दुसरं कोण कामाला ठेवणार होतं? ताई म्हणायची, घरी फुकट बसतात, तिथे पगार घेऊन बसतील.

पण दाजींना नुसतं बसणं कधी जमलंय? गॅसपाशी आपण उभ्या असलो तरी मागून 'जरा मंद कर' म्हणणार. मला तर अशा वेळी उलथनं हाणावंसं वाटतं. गाडीतही सुरुवातीला त्यांचा पाय सारखा ब्रेककडे धावायचा. हळूहळू तो शांत झाला. गाडी आपल्यापेक्षा नियमाने चालते, हे ते मोकळ्या मनाने कबूल करायचे.

एकदा मी दुकानातून निघाले आणि रस्ता ओलांडायला उभी राहिले, तर समोर हीच गाडी येऊन थांबली. आत दाजी. त्यांनी हात उचलून 'जा, जा' अशी खूण केली आणि मी निवांत पलीकडे गेले. त्यांनी मला ओळखलंसुद्धा नव्हतं. रात्री जेवताना मी हे हसत हसत सांगितलं, तर त्यांचा घास हातातच राहिला. आपला हात उठतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. टॅक्सीपासूनची सवय. म्हणजे इतके दिवस लोक गाडीवर विश्वास टाकतात म्हणून कंपनी मिरवत होती, आणि खरं तर ते दाजींचा हात बघून चालत होते.

त्याच सुमारास सरकारने ठरवायला घेतलं, की चालकाची जागा रिकामी ठेवून गाडी सोडायची का. तपासायला परिवहन खात्याच्या अधिकारी बाई गाडीत बसणार होत्या. ताईने लगेच ताडलं. हात हलला नाही तर लोक बिचकतील, गाडी अडेल, परवानगीही अडेल, आणि नोकरी राहील. तिने बजावलं, "त्या दिवशी हात मांडीवर ठेवा. नियमच आहे तो. यात खोटं काही नाही." दाजींनी मान डोलावली.

बाई मागे बसल्या. बराच वेळ सगळं सुरळीत चाललं. मग हॉस्पिटलच्या चौकात काठी टेकत एक म्हातारा आला आणि गाडी थांबली. म्हाताऱ्याने पाय खाली टाकला, परत वर घेतला. गाडी पुढे सरकली, तसा त्याने पुन्हा पाय टाकला. गाडीने गचकन ब्रेक मारला. नुसतं तळ्यात मळ्यात चाललेलं. मागचे हॉर्न वाजवायला लागले. दाजींचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि ते तसेच राहिले असते तर सगळं ताईच्या मनासारखं झालं असतं. म्हाताऱ्याने वाकून काचेतून आत पाहिलं. दाजींनी हात केला. म्हातारा सावकाश पलीकडे गेला.

बाईंनी विचारलं, असं नेहमी करता का? दाजींनी सगळं सांगून टाकलं.

निकाल आला. आधीच्या चाचण्या बाद, गाडीने पादचाऱ्याला खूण कशी करायची ते आधी ठरवा, आणि तोपर्यंत चालकाच्या जागेवर माणूस हवाच. ताईने हुश्श केलं. संध्याकाळी कंपनीच्या साहेबांचा फोन आला. माणूस हवा होता, पण हात न हलवणारा. दाजींनी उद्यापासून येऊ नये.

ताई संतापली. मलाही राग आला, पण कुणाचा ते कळेना. जित्याची खोड म्हणतात ती हीच, असं मी म्हटलंही. दाजी कॉटवर बसून मोजे काढत होते.

"हात दाखवून अवलक्षण!" ताई म्हणाली. "एक दिवस, एकच दिवस तो हात गप्प ठेवता आला नाही तुम्हाला? विसरलात?"

"विसरलो कुठे? चांगलं आठवत होतं," दाजी म्हणाले. "पण तो गाडीकडे बघतच नव्हता गं. माझ्याकडे बघत होता."